मुलांच्या निसर्गनोंदी गावासमोर कशा मांडायच्या, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

शाळेत परिसर अभ्यासाचा प्रकल्प होतो, मुलं पानं चिकटवतात, चित्रं काढतात, बाई तपासून सही करतात आणि फाईल कपाटात जाते. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथंच संपते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या फाईलीत जे असतं ते गावाचंच असतं, गावातलं झाड, गावातला ओढा, गावातल्या विहिरीवरची सुगरण, आणि गावानं ती फाईल कधी बघितलेलीच नसते.

आम्ही भोर तालुक्यातल्या एका लहान गावात काही वर्षांपासून मुलांच्या निसर्गनोंदींचा एक दिवस करतोय. मी शिक्षक नाही, शाळेला मदत करणाऱ्यांपैकी एक आहे. आजूबाजूच्या गावातले पालक, नवीन लागलेले शिक्षक विचारतात की कसं करता, कुठून सुरू करू, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. गावाला नुसतं बघायला बोलवायचं नाही, मुलांच्या अडलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बोलवायचं. एवढं धरून चाललात तर बाकीचं आपोआप जमत जातं.

तारीख आधी ठरवा, आणि गावाच्या कामाचा अंदाज घेऊन ठरवा

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, ५ तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. बऱ्याच जणांना वाटतं की मग कार्यक्रम तेव्हाच घेऊ. पण आमच्यासारख्या भाताच्या पट्ट्यात नोव्हेंबर म्हणजे कापणी झोडणी, घरात माणूस नसतं, त्यात दिवाळीची सुट्टी मागेपुढे. त्या आठवड्यात मुलांनी नोंदी करायच्या, तेव्हा धोबी वगैरे थंडीचे पाहुणे पक्षी आलेले असतात, बघायला छान असतं. मांडणी मात्र फेब्रुवारीच्या शेवटी ठेवायची. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो त्यामुळे शाळेत तसाही काहीतरी कार्यक्रम होणारच असतो, वेगळी परवानगी काढावी लागत नाही, शेतीची कामं उरकलेली असतात, आणि पळस, पांगारा, सावर फुलायचा काळ असतो, म्हणजे मुलांना बोट दाखवून सांगायला समोर काहीतरी असतं. फक्त तेव्हा दहावी बारावीच्या परीक्षा असतात, तर भोंगा लावायचा नाही. लग्नाची मोठी तिथ आणि गावची जत्रा पण बघून घ्या.

वेळेचं सांगतो. सकाळी अकराला ठेवला की फक्त रिकामी माणसं येतात. बायका शेतावर, गुराखी रानात. आम्ही रविवारी संध्याकाळी साडेचार ते साडेसहा ठेवतो, उजेड असतो, आणि बायकांना चूल पेटवायच्या वेळेआधी घरी जाता येतं.

विषय लहान घ्या, फार लहान

"जंगलाचे महत्त्व", "जलप्रदूषण" असले विषय दिले की मुलं गाईडमधून किंवा मोबाईलवरून उतरवतात, त्यांचा दोष नाही, एवढ्या मोठ्या विषयात त्यांनी स्वतः बघण्यासारखं काही उरतच नाही. त्यापेक्षा चार-पाच मुलांचा गट करा आणि एकेका गटाला एक जागा द्या, जिथं रोज चालत जाता येईल. जागा कायम, आणि निदान दोन महिने तीच. आमच्याकडे चाललेले काही विषय सांगतो.

बसथांब्याजवळचा उंबर. त्यावर कोण कोण येतं एवढंच लिहायचं. तांबट, बुलबुल, कोकीळ, हरियाल, रात्री वटवाघळं. हरियाल आपला राज्यपक्षी आहे हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं पण तो आपल्याच बसथांब्यावर बसतो हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग कोणीतरी उंबर फोडून बघतं, आत बारकी चिलटं निघतात, आणि ती चिलटंच त्या झाडाचं परागीभवन करतात हे समजल्यावर गट पुढचे आठ दिवस उंबरच फोडत बसतो.

विहिरीवरच्या सुगरणीची घरटी. हा पावसाळ्यातला विषय. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तरच पुढं पूर्ण होतं, नाहीतर ते अर्धंच लटकत राहतं. मुलांनी लांबून मोजायचं, पूर्ण किती, अर्धी किती. विहिरीच्या काठावर मात्र मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय पाठवायचं नाही, हा नियम कधीच मोडू नका.

पाऊस मोजणं. प्लास्टिकची सरळ भिंतीची बाटली घ्या, वरचा भाग कापून तोच उलटा फनेलसारखा बसवा, तळाला खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरा म्हणजे तळाचा खोलगटपणा जातो, आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खातं पण त्याच वेळेला मोजतं. त्यांच्या हिशोबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरतात. हे मुलांना फार आवडतं, "आज सर पडली पण दिवस धरायचा नाही" असं एकमेकांना सांगत फिरतात.

शिवाय वारूळ, शाळेच्या कौलातले होले, परसबागेतल्या मुंग्या, ओढ्यातले खेकडे, काहीही चालतं. मृगाचे लाल मखमली किडे कधी दिसले, पावशा "पेरते व्हा" कधी ओरडला, याच्या तारखा लिहायला तर काही साहित्यच लागत नाही.

वहीचं डावं पान आणि उजवं पान

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथं घाई करू नका. साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसलं तेच. ऐकलेलं नाही, वाचलेलं नाही. उजवं पान कोरं ठेवायचं, त्यावर फक्त प्रश्न. "हे पान खालून पांढरं का?" "कोतवाल म्हशीवरच का बसतो?" "मागच्या वर्षी एवढी पाखरं होती का?" आणि प्रश्नाखाली जागा सोडायची. ती जागा गावासाठी.

सुरुवातीला मोठ्यांना ही कोरी पानं बघवत नाहीत. एका वर्षी एका शाळेत कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मोठ्यांनी बसून सगळी उजवी पानं भरून टाकली, शुद्धलेखन दुरुस्त केलं, चित्रं परत काढली. दुसऱ्या दिवशी वह्या देखण्या दिसत होत्या पण लोकं यायची, वा वा म्हणायची आणि पुढं जायची, बोलण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही पालकसभेत स्पष्ट सांगतो की वहीत मोठ्यांचं अक्षर दिसलं तर ते फक्त उजव्या पानावर, आणि तेही कार्यक्रमाच्या दिवशी. चुकलेलं स्पेलिंग राहू दे, खोडाखोड राहू दे, पावसात भिजलेलं पान तर मुद्दाम तसंच राहू दे.

गावाला सांगणं

महिनाभर आधी शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या. जमलं तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पाच मिनिटं मागा आणि दोन मुलांना उभं करून वहीतला एकेक प्रश्न वाचायला लावा. पैसे मागू नका. एक प्रश्न वाचला की चार म्हातारी माणसं आपसात बोलायला लागतात आणि तीच पुढं येतात, हा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकाच पण तो वाचून कोण येत नाही. मुलांनी घरोघरी जाऊन सांगायचं, आणि जाताना त्या घरासाठीचा प्रश्न घेऊन जायचा. म्हणजे गुरं राखणाऱ्या बाबांना गवताचा प्रश्न, सुईण आजीला औषधी पाल्याचा, विहीर खोदणाऱ्याला पाण्याचा. "आजोबा, ह्याचं उत्तर आमच्यात कुणालाच येत नाही, रविवारी याल का?" असं नातवाच्या वयाच्या पोरानं दारात येऊन विचारल्यावर नाही म्हणणारं माणूस मी तरी बघितलेलं नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. गावाच्या कडेला ज्या वस्त्या असतात, आमच्याकडे कातकरी वाडी आणि धनगरवाडा, तिथं सगळ्यात आधी जा, आणि मोठ्यांनी स्वतः जा. खेकडा कुठल्या दगडाखाली असतो, कुठला कंद कुठल्या महिन्यात काढायचा, कुठलं गवत जनावराला चालतं, हे त्या लोकांइतकं गावात कुणाला माहीत नसतं, आणि गावच्या कार्यक्रमात त्यांना एरवी मागं उभं राहावं लागतं. आमच्या पहिल्या वर्षी ओढ्याच्या गटाला माशांची तीनच नावं माहीत होती. कातकरी वाडीतले एक काका आले, सुरुवातीला बाहेरच उभे होते, चौथीतल्या त्यांच्या पुतणीनं हात धरून आत आणलं, मग त्यांनी बसून नावं सांगितली, कुठला मासा कुठल्या पाण्यात, कुठला चढणीला येतो, पोरं लिहून घेता घेता थकली. वर्गात कधी तोंड न उघडणारी ती पोरगी त्या दिवशी सगळ्यांना काकांचं बोलणं समजावून सांगत होती. नंतर ओढ्याच्या गटाची प्रमुख तीच झाली.

म्हणून जागा पण विचार करून निवडा. देवळाचा सभामंडप सोयीचा असतो, सावली असते, पण तिथं सगळ्यांनाच मोकळेपणानं येऊन बसता येतं का हे स्वतःला खरं खरं विचारा. आम्ही शाळेचं पटांगणच धरतो.

मांडणी

खर्च जवळपास शून्य ठेवता येतो. सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, जुन्या साड्या, बारदान, घोंगडी. सुतळी मुलांच्या छातीच्या उंचीला बांधा, म्हणजे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पण दिसतं आणि मोठ्या माणसाला वाकावं लागतं, वाकला की तो वाचतो. फ्लेक्स नको, थर्माकोल नको. निसर्गाचा कार्यक्रम करून संध्याकाळी मागं कचऱ्याचा ढीग सोडला तर पोरं तेच शिकतील.

पानाफुलांचे नमुने दाखवायचे असतील तर महिनाभर आधी सुरू करा. जुन्या वर्तमानपत्रात पान सरळ पसरायचं, वर वजन, पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलायचा, आठ-दहा दिवसात होतं. दमट हवा असेल तर जास्त लागतात. कागद बदलायचा कंटाळा केला की बुरशी धरते. खाली पडलेली पानं, शेंगा, बिया, सालीचे तुकडे घ्या, फांद्या मोडू नका.

घरटी, अंडी, फुलपाखरं, बरणीतले बेडूक असलं काहीही मांडायचं नाही. रानातल्या पक्ष्यांची अंडी, घरटी यांची नासधूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीतच धरली जाते, हे मुलांना पण सांगा आणि उत्साही पालकांना जरा जास्तच सांगा. मेलेली फुलपाखरं पिन लावून आणणारे काका एखादे असतातच. त्यांना प्रेमानं सांगायचं की चित्र काढून द्या.

आता आमच्याकडचा सगळ्यात गर्दी खेचणारा भाग. पटांगणात रांगोळीनं गावाचा मोठा नकाशा काढायचा, वीस बाय वीस फूट तरी. ओढा, रस्ता, देऊळ, विहिरी, वाड्या, टेकडी. बाजूला टोपल्यात चिंचोके, गुंजा, करंजाच्या बिया, खडे. मोर बघितला असेल तिथं चिंचोका, सुगरणीचं घरटं बघितलं तिथं करंज, आणि पूर्वी होतं पण आता नाही तिथं काळा खडा. गुंजा विषारी असतात, लहान पोरं तोंडात घालतात, तर त्या टोपलीवर मोठ्या मुलाला बसवा किंवा सरळ गुंज वगळा. लोक आधी लांबून बघतात, मग एखादा माणूस चप्पल काढून आत जातो आणि चिंचोका ठेवतो, मग दुसरा म्हणतो अरे तिथं नाही, वरच्या अंगाला, आणि मग थांबतच नाही. काळे खडे पडायला लागले की मात्र सगळे जरा गप्प होतात. शेवटी वरून एक फोटो काढून ठेवा.

मुलांनी काय बोलायचं

भाषण पाठ करून घेऊ नका. तीनच गोष्टी, दोन मिनिटात: मी काय बघितलं, माझं काय चुकलं, मला काय कळलं नाही. "काय चुकलं" हे आवर्जून ठेवा. "मी महिनाभर कोकिळेची मादी वेगळाच पक्षी म्हणून लिहीत होतो" असं एका मुलानं सांगितलं तेव्हा निम्म्या गावाला पहिल्यांदा कळलं की ती ठिपक्याठिपक्यांची असते. आदल्या आठवड्यात दोनदा सराव पुरे, तो पण दुसऱ्या वर्गातल्या मुलांसमोर घ्या, मास्तरांसमोर नको.

मोठ्या माणसाचं आणि मुलाचं म्हणणं जुळलं नाही तर काय करायचं हे मुलांना आधी शिकवून ठेवा, कारण ते होणारच. आजोबा म्हणणार वारूळ नागानं केलं, मुलांनी तर वाळवीला माती लावताना स्वतः बघितलंय. तिथं "तुम्हाला माहीत नाही" असं म्हणायचं नाही. "आजोबा, आम्ही हे बघितलं, चला दाखवतो" म्हणायचं, आणि दोन्ही म्हणणी उजव्या पानावर लिहायची, नाव घालून. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, हे आमच्याकडं सगळेच सांगतात. मुलांनी ते खोटं म्हटलं नाही आणि खरं पण म्हटलं नाही, लिहून घेतलं आणि म्हणाली आम्ही मोजतो.

त्या दिवशी

स्टेज बांधू नका. स्टेज आलं की खुर्च्या आल्या, हार आले, सत्कार आले, आणि पोरं उन्हात बसून राहिली. दीपप्रज्वलनाऐवजी सगळ्यांनी मिळून उंबरापर्यंत चालत जायचं, उंबराच्या गटानं तिथं पाच मिनिटं बोलायचं, परत यायचं. सरपंच, वनरक्षक, कृषी सहायक आले तर त्यांना पण वही हातात द्या आणि एक प्रश्न विचारा, मान तिथंच मिळतो.

प्रत्येक गटापाशी एक पेन दोरीला बांधून ठेवा आणि लिहिता न येणाऱ्यांसाठी एक मूल लेखनिक म्हणून बसवा. बचत गटाच्या ताईंना रानभाज्यांची माहिती सांगायला बसवता येतं, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, पण फेब्रुवारीत त्या ताज्या मिळत नाहीत, तर पावसाळ्यात मुलांनी काढलेली चित्रं आणि वाळवलेली पानं समोर ठेवून ताईंनी कृती सांगायची. खायला गूळ-शेंगदाणे आणि घरच्या तांब्यातलं पाणी. कागदी कप पण लागत नाहीत.

नंबर काढू नका. पहिला दुसरा तिसरा काढला की बाकीच्यांची वही त्याच दिवशी बंद होते. त्यापेक्षा प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्या, तिच्यावर त्यानं काय शोधलं ते एका ओळीत. "तू विहिरीवर सतरा अर्धी घरटी मोजलीस." वेळ जातो लिहायला, रात्री दोन-तीन जणांनी बसावं लागतं, पण त्या चिठ्ठ्या घराच्या भिंतीवर चिकटवलेल्या मी बघितल्यात.

नंतरची कामं

फोटो टाकण्याआधी पालकांना विचारा. घरट्याची, मधाच्या पोळ्याची, दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका, वाचणारे सगळेच आपल्यासारखे नसतात.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. ती कुठं आहे हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, उघडा, आणि मुलांनी जमवलेली नावं, रांगोळीच्या नकाशाचा फोटो, कातकरी काकांनी सांगितलेले मासे, सगळं त्यांचं नाव घालून समितीकडं लेखी द्या. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या वेबसाइटवर आणि किडे-वनस्पतींचे फोटो आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर टाकता येतात, मोठ्या मुलांना हे पटकन जमतं.

शहरातल्यांनी विचारलं होतं म्हणून थोडक्यात, सोसायटीत पण हेच करता येतं. माळीकाका, वॉचमनकाका आणि भाजीवाल्या मावशी हे तुमचे जाणकार, पार्किंगमध्ये सुतळी बांधा, नकाशा खडूनं काढा. फक्त प्रत्येक मुलाचा प्रोजेक्ट वेगळा आणि आईबाबांनी केलेला असं होऊ देऊ नका.

आणि वह्या जपून ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून शाळेच्या कपाटात, वरच्या खणात, कारण खालच्या खणाला ओल लागते. जूनमध्ये नवीन वह्या वाटताना ज्या प्रश्नांची उत्तरं कुणालाच आली नाहीत ते जुन्या वहीतून काढून नव्या वहीच्या पहिल्या उजव्या पानावर लिहायला लावा. आमच्याकडं टिटवीचा प्रश्न असाच तीन वर्षं पुढं पुढं येतोय. पहिल्या वर्षी अंडी बांधावर होती, पुढच्या वर्षी खाली खाचरात, त्यानंतर परत बांधावर, शेजारी बाटलीतल्या पावसाचे आकडे लिहिलेत. आता चौथीची पोरं म्हणतात की एकाच टिटवीवरून कसं सांगणार, अजून चार शेतं बघायला पाहिजेत.